माणूस पाठवतो

प्रत्येक बिल्डरकडे एक माणूस असतो. आपल्या घराचं जे काही बिघडलंय ते दुरुस्त करण्याचं कसब फक्त त्याच्याच हातात असतं, आणि तो उद्या येणार असतो. ‘उद्या सकाळी माणूस पाठवतो’ हे वाक्य ताबा घेतल्यानंतरच्या पहिल्या पावसात कानावर पडतं आणि पुढे ऋतुमानानुसार त्यात थोडेफार बदल होत जातात. जूनमध्ये माणूस पेरणीसाठी गावी गेलेला असतो. सप्टेंबरात गणपतीला. दिवाळीच्या आगेमागे त्याच्या बहिणीचं लग्न निघतं. (तुळशीचं लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात, हे आपण बोलून दाखवत नाही.) मार्च उजाडेपर्यंत ओल वाळलेली असते, त्यामुळे माणसाची गरजच उरत नाही.

आमची सोसायटी पुण्याच्या कडेला आहे. बुकिंग केलं तेव्हा ती हिंजवडीपासून दहा मिनिटांवर होती, राहायला गेलो तेव्हा पाऊण तासावर गेली. माहितीपत्रकात तरणतलाव होता आणि त्याच्या काठावर एक गोरं कुटुंब हसत बसलं होतं. तलाव झाला; कुटुंब काही राहायला आलं नाही. पण याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती तीनशे दोनच्या पॅसेजमधल्या छतावरून.

आधी तिथे रंग फुगला, मग पोपडे सुटले, मग एका रात्री थेंब पडू लागले. बिल्डरला फोन गेले आणि एकदा, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, खरोखरच माणूस आला. तो रंगारी निघाला. गळती वरून होती आणि इलाज खालून करायला पाठवला होता. त्याने जमिनीवर जुने पेपर अंथरले, पत्रीने पोपडे खरवडले, पुट्टीचे दोन हात मारले आणि वर रंगाचा एक. मूळ छत फिकट बदामी, त्याच्या डब्यातला रंग पांढराफटक. ‘सुकल्यावर मॅच होतो,’ म्हणाला. सुकला, झाला नाही. पण सुपरवायझरने मोबाईलवर फोटो काढला आणि ऑफिसच्या दप्तरी तक्रार मिटली. पुढच्या पावसात ओल आली ती त्या पांढऱ्या चौकोनाला वळसा घालून. बिल्डरच्या कामाला तिने धक्काही लावला नाही.

गळती होते बिल्डरच्या कामामुळे, पण तिची पहिली झळ बसते शेजारधर्माला. बिल्डरचा इंजिनिअर पाहणीला आला तेव्हा तीनशे दोनमध्ये हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, वरच्यांनी नळ बदलताना टाईल फोडल्या असणार. आम्ही बोललं तर वाईट दिसतं.’ मग तो वर चारशे दोनमध्ये गेला. तिथे म्हणाला, ‘काकू, खालचे लोक कपडे आत वाळत घालतात हो, त्याचं बाष्प धरतं.’ दोन्हीकडे चहा घेऊन तो गेला आणि दोन घरांतलं हळदीकुंकू बंद पडलं. बिल्डरने एका शब्दानेही भांडण न करता भांडण लावून देण्याची ही कला मी मोठमोठ्या राजकारण्यांतही इतक्या सफाईने पाहिलेली नाही.

अखेर चारशे दोनच्या काकूंनीच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. त्यांनी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये चिंध्या कोंबल्या, उंबऱ्यापर्यंत पाणी भरलं आणि घरात उरलेला रंगपंचमीचा गुलाबी रंग त्यात कालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनशे दोनच्या छतावर गुलाबी गोल उमटला. पुरावा इतका ठसठशीत की इमारतीतली लहान मुलं रांग लावून पाहायला आली. इंजिनिअरला बोलावलं. तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, ‘काकू, कलर कुठल्या कंपनीचा?’

यातली तांत्रिक बाजू अवघड नाही. बाथरूमची स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा खाली घेतलेली असते. त्या खोलगट भागात आधी वॉटरप्रूफिंग, वर विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा कोबा, त्याला नहाणीकडे उतार, आणि सगळ्यात शेवटी टाईल. टाईल ही शोभेची बाई. पाणी अडवायचं काम तिच्या खालच्या थरांचं. टाईल बसवण्याआधी त्या खड्ड्यात पाणी साठवून दिवस-दोन दिवस ठेवायचं आणि खालून छत बघायचं, याला पाँडिंग टेस्ट म्हणतात. पाणी, वेळ आणि एक मान वर करणारा इसम, एवढंच त्याला लागतं. तरी ती राहून जाते. बांधकामातली जी खरी महत्त्वाची कामं, ती पुढे झाकली जातात. आणि झाकलेलं कुणी उकरून बघत नाही या भरवशावर बराच धंदा चालतो.

आता बिल्डरने आपला हुकमी पत्ता काढला: ताबा पत्र. ताबा घेतला त्या दिवशी त्याने मांडव घातला होता, सनई लावली होती, प्रत्येकाला किल्लीबरोबर पेढ्यांचा पुडा दिला होता. एका हातात पेढा असताना दुसऱ्या हाताने माणूस कशावरही सही करतो. आम्ही ज्यावर केली त्यात छापलं होतं की सदनिकेची संपूर्ण पाहणी केली असून बांधकामाबद्दल कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही. भविष्याबद्दल इतक्या खात्रीने आमच्या गुरुजींनीही वास्तुशांतीत काही सांगितलं नव्हतं.

इथे आमच्या सोसायटीचे खजिनदार काका पुढे झाले. काका स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झालेत. उभी हयात ग्रामपंचायती आणि नगरपालिकांची दप्तरं तपासण्यात गेली. समोरचा माणूस गोड बोलू लागला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. त्यांनी ताबा पत्र वाचलं आणि म्हणाले, ‘हे पेढ्याच्या कागदात बांधून परत करा. कायदा बघू.’

कायदा बघायला बराच आहे. घर बांधून देणं ही ‘सेवा’ आहे आणि तिच्यात कसूर झाली तर ग्राहक म्हणून दाद मागता येते, ही साधी गोष्ट ठरायलाही १९९३ साल उजाडलं. त्या वर्षी ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. पुण्यात ग्राहक पंचायत मात्र १९७४ सालीच सुरू झाली होती. भांडायला पुणेकर कायद्याची वाट बघत बसत नाहीत. पुढे २०१६ साली रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमात काकांना हवं ते सापडलं: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांत दोष निघाला तर बिल्डरने तो तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई. पेढ्याचा उल्लेख कुठेच नाही.

(ज्यांनी स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेतलाय त्यांनी इथे फार खूश होऊ नये. रेरा विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी आहे. ठेकेदाराने तुमच्या जिन्याची प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची केली असेल तर ग्राहक आयोगाचा जिना चढायचा, आणि तोही साधारण दोन वर्षांच्या आत.)

बिल्डरशी भांडताना बहुतेक लोक फोनवर ओरडतात. ओरडणं बिल्डरला आवडतं. तो ‘दादा, तुमचं बरोबरच आहे’ म्हणतो, आपला राग निवतो, आणि त्या संभाषणाचा मागमूस कुठेही राहत नाही. त्याचा सगळा कारभार तोंडी असतो. घेण्याचे करारच तेवढे लेखी. काकांनी फोन करायचाच नाही असं फर्मान काढलं आणि बिल्डरला अर्धसमास पत्र पाठवायला सुरुवात केली.

अर्धसमास पत्र हे लेखापरीक्षकांचं अस्त्र आहे. कागद मधोमध उभा दुमडायचा. डाव्या अर्ध्यात आक्षेप, उजवा अर्धा खुलाशासाठी कोरा. काकांचं म्हणणं असं की कोरा रकाना बघून नोकरदार माणसाचा हात शिवशिवतोच. चाळीस वर्षांत त्यांनी रिकामा ठेवलेला पाहिला नव्हता. पहिलं पत्र साईट ऑफिसात गेलं. डावीकडे: ‘सदनिका क्र. ४०२ च्या स्नानगृहाचे वॉटरप्रूफिंग सदोष असल्याने सदनिका क्र. ३०२ मध्ये गळती. खुलासा व्हावा.’ सुपरवायझर पोरसवदा होता, भला होता. त्याने उजवीकडे सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘वॉटरप्रूफिंग परत करून देऊ. १५ दिवसात. माणूस नाही म्हणून राहिले.’ खाली सही, तारीख आणि, काकांनी गोड आवाजात मागितला म्हणून, कंपनीचा शिक्का.

काकांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि त्या दिवशी संध्याकाळी फिरायला जाताना ते चक्क शीळ घालत होते.

पंधरा दिवस गेले. तीसही गेले. मग कायद्याची कलमं घालून रीतसर पत्र गेलं आणि उलट टपाली वकिलाची नोटीस आली. जो बिल्डर फोनवर ‘दादा’ आणि ‘काकू’ म्हणायचा तो नोटिशीत आम्हाला ओळखायचाच बंद झाला. ‘माझ्या अशिलाने सर्व काम विहित मानकांनुसार पूर्ण केलेले असून आपले आरोप खोटे, खोडसाळ व पश्चातबुद्धीचे आहेत. सदर ओलावा हा सदनिकाधारकाच्या वापरामुळे उद्भवलेला आहे.’ हे शेवटचं वाक्य मला पटलं. बाथरूममध्ये कुणी आंघोळच केली नसती तर ते आजही कोरडं राहिलं असतं.

मग महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जायचं ठरलं. सोसायटीच्या बैठकीत याला विरोध झाला. निम्म्या लोकांचे जिवलग मित्र वकील होते आणि त्या सगळ्यांनी सांगितलं होतं की आयुष्य जाईल. दुसऱ्या एकाचा साडू ठाण्यात आदेश जिंकून बसला होता. पैसे वसूल करायला वॉरंट निघालं, ते जिल्हाधिकारी कार्यालयात गेलं, तिथून तहसीलदारांकडे, आणि साडू आता तहसीलदारांच्या बदल्यांची बित्तंबातमी ठेवून असतो. हे खोटं नाही. रेराची रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते, आणि महसूल खात्याचा वेग सर्वांना ठाऊक आहे. पण काका म्हणाले, ‘आपल्याला पैसे नकोत, कोबा हवाय.’

रीतसर तक्रारीला पाच हजार रुपये फी. त्याआधी आणखी एक वाट असते, सलोखा मंचाची. २०१८ पासून महारेराने ती सुरू केली आहे. दोन सलोखाकार बसतात, एक ग्राहक संघटनेकडून, एक बिल्डरांच्या संघटनेकडून, आणि दोन्ही बाजू राजी असतील तरच बोलणी होतात. आमचा बिल्डर राजी होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो झाला, कारण शेजारच्या जागेवर त्याचा दुसरा टप्पा विक्रीला निघाला होता. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात बिल्डरच्या प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो, आणि तो स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावरची त्या प्रकल्पाची माहिती उघडते. हमरस्त्यावर स्वतःच्या खर्चाने चाळीस फुटी फलक लावायचा आणि त्याच फलकावरून गिऱ्हाईकाने थेट महारेराच्या दारात जाऊन बिल्डरचं जुनं खातं चाळावं, ही सरकारची मला आवडलेली मोजकी विनोदबुद्धी आहे.

सुनावणी ऑनलाईन होती. आमच्याकडून काका, मी आणि गुलाबी रंगाच्या साक्षीदार म्हणून काकू. बिल्डरकडून एक गृहस्थ आले. नवा शर्ट, मागे महाबळेश्वरचा देखावा. सलोखाकार बाईंनी विचारलं, ‘आपण कोण?’ म्हणाले, ‘शेठनी पाठवलंय.’ काकू माझ्या कानाला लागल्या: ‘अगंबाई, हाच तो माणूस!’ दुरुस्तीला जो कधी मिळाला नाही तो सुनावणीला वेळेवर हजर होता. फक्त त्याला कशाचाच अधिकार नव्हता. काहीही विचारलं की तो ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणे आणि महाबळेश्वरात दिसेनासा होई. बिल्डर संघटनेच्या बाजूने बसलेले सलोखाकार आमच्यापेक्षा जास्त वैतागले. ‘ज्याला हो किंवा नाही म्हणता येतं त्याला पाठवा,’ असं त्यांनीच सुनावलं.

पुढच्या खेपेला खुद्द शेठ आले, गाडीतून. त्यांनी वकिलाची नोटीस वाचून दाखवली: काम मानकांनुसार, दोष नाही. काकांनी काही न बोलता प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. ‘वॉटरप्रूफिंग परत करून देऊ’ ही अक्षरं, शिक्क्यासकट. शेठनी चष्मा लावला, काढला. ‘हे आमच्या पोराने लिहिलंय होय,’ म्हणाले, आणि गाडीत शेजारी बसलेल्या कुणाकडे तरी बघून त्यांनी असा चेहरा केला की मला त्या सुपरवायझरची काळजी वाटली. (पुढे कळलं की त्याला दुसऱ्या टप्प्यावर नेलंय. लिहिता येणारे तिथे कमी होते म्हणे.)

दोष कुणाचा, हा वाद तिथेच संपला. मग टाईलचा सुरू झाला, आणि तो आधीच्यापेक्षा लांबला.

वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं म्हणजे फरशी फोडायची. फोडलेल्या टाईल परत मिळत नाहीत, कारण ती डिझाईन बंद झालेली असते. टाईलची डिझाईन आपलं घर पूर्ण होताक्षणी बंद करायची, असा त्या धंद्यात काही तरी दंडक असावा. बिल्डर म्हणाला, फोडू तेवढ्या भागात मिळत्याजुळत्या लावतो. काकू म्हणाल्या, मिळत्याजुळत्या म्हणजे तुमच्या त्या छताच्या पांढऱ्या रंगासारख्या का? बिल्डर म्हणाला, मग पूर्ण फरशी बदलतो. काकू म्हणाल्या, भिंतीचं काय, खालची ओळ निघणारच. बिल्डरने आवाज चढवला: एका बाथरूमसाठी मी काय ताजमहाल बांधू? काकूंनी शांतपणे सांगितलं की ताजमहाल गळत नाही. इथे सलोखाकार बाईंनी स्वतःच्या घरच्या टाईलचा अनुभव सांगितला, दुसऱ्या सलोखाकारांनी त्यांचा, आणि काही वेळ कोण कुणाच्या बाजूने आहे ते कळेनासं झालं. शेवटी ठरलं: फरशी पूर्ण नवी, भिंतीची खालची ओळ वेगळ्या रंगाची पट्टी म्हणून, म्हणजे ती मुद्दाम केलेली वाटेल. चारशे दोनमध्ये आता येणारा प्रत्येक पाहुणा त्या पट्टीचं कौतुक करतो.

समझोत्याचा मसुदा काकांनी लिहिला. बिल्डरच्या वकिलाने पाठवलेला अडीच ओळींचा होता: ‘आवश्यक ती दुरुस्ती लवकरात लवकर करून देण्यात येईल.’ काकांनी लाल पेनाने ‘आवश्यक’ला गोल केला, ‘लवकरात लवकर’ला दोन. त्यांच्या मसुद्यात कोब्याची जाडी होती, उताराची दिशा होती, काम सुरू व संपण्याच्या तारखा होत्या, टाईल लावण्याआधी अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवण्याची अट होती, आणि काम चालू असताना काकूंच्या घरच्यांनी आंघोळीला कुठे जायचं याचंही कलम होतं. तीनशे दोनमध्ये. तिकडून होकार आला होता, लेखी.

काम करायला आला तो बुटका, पांढऱ्या मिशांचा मिस्त्री. कुणी त्याची वर्दी दिली नव्हती, सकाळी आठला दारात उभा. त्याने छिन्नीने एक टाईल उचकटली, खालचा भराव मुठीत घेतला, बोटांनी चुरडून बघितला आणि म्हणाला, ‘ह्यात नुसता मुरूम हाय. कोबा केल्यालाच न्हाई.’ एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी इंजिनिअर, वकील, सलोखाकार आणि संसदेचा कायदा असा फेरा पडला होता. भराव निघाला, कोबा झाला, नहाणीभोवतीचे कोपरे त्याने हाताने गोल करून घेतले, मग पाणी भरलं. अठ्ठेचाळीस तास खालच्या पॅसेजमध्ये कुणी ना कुणी मान वर करून उभं असायचं. बंद पडलेलं हळदीकुंकूही त्याच पॅसेजमध्ये उरकलं गेलं. छत कोरडं राहिलं.

टाईल बसल्या, छताला बदामी रंग लागला आणि नवा सुपरवायझर छापील फॉर्म घेऊन काकांकडे आला. काम समाधानकारक झाले असून यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. काकांनी चष्मा पुसला, फॉर्म मधोमध उभा दुमडला आणि परत दिला.

‘सही पावसाळ्यानंतर.’

‘काका, म्हणजे सप्टेंबरपर्यंत थांबू?’

‘ऑक्टोबर. परतीचा पाऊस असतो.’